थांबासर

प्रत्येक शाळेत एक तरी मास्तर असा असतो, ज्याचा पोर्शन कधी संपत नाही. काहींचा आळसापायी राहतो, काहींचा निवडणुकीच्या ड्युटीपायी. आमच्या इतिहास-नागरिकशास्त्राच्या सरांचा राहतो तो वर्गापायी. धडा जरा वेगानं निघाला, की यांचा हात वर. "थांबा, ती राहिली." "थांबा, ह्याला कळलं नाही." "थांबा रे, हे तर पुस्तकानं विचारलंच नाही." खरं नाव पगारपत्रकावर असेल, गावात ते थांबासर. एसटीचा कंडक्टर घंटी मारायच्या आधी मागे वळून विचारतो, "थांबासर, निघू का?" आणि सर खिडकीतून बाहेर डोकावून, कुणी धावत येत नाही ना हे बघून मगच मान हलवतात.

मी त्याच शाळेत गणित शिकवतो. माझा पोर्शन जानेवारीत संपतो. दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांनी भर सभेत माझं कौतुक केलं आणि थांबासरांकडे नुसतं पाहिलं. सरांनी त्या पाहण्याचा अर्थ असा लावला, की मुख्याध्यापकांना काहीतरी समजलेलं नाही. सभा संपल्यावर ते त्यांना समजावायला थांबले.

सरांच्या खांद्याला एक पिशवी असते. इतिहासाच्या शिक्षकाच्या पिशवीत नकाशा असावा, फार तर बखर. ह्यांच्या पिशवीत साबुदाणा, फेविकॉल, सुतळी, ओली वाळू भरलेला डबा आणि रुमालात बांधलेली एक शिवराई. त्यांची टाचणवही मी एकदा उघडून पाहिली. "घटक" या रकान्यात सोमवारी "अफजलखान भेट" होतं. मंगळवारी "पुढे चालू". बुधवारी "पुढे चालू". गुरुवारी "खानाच्या गोटातील पाणक्यांविषयी प्रश्न आला. पुढे चालू".

तालुक्याला समावेशित शिक्षणाचं प्रशिक्षण होतं तेव्हाची गोष्ट. सभागृह तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शेजारच्या केंद्रातल्या एका बाईंना पोलिओ झालेला. त्या कुबडी घेऊन पहिल्या जिन्याशी उभ्या. बाकीचे आम्ही "या बाई हळूहळू" म्हणून वर गेलो, कारण वर नाश्ता होता. थांबासर खालच्या पायरीवर बसले. वर तज्ज्ञ मार्गदर्शकांनी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत एवढं सांगून पहिला प्रकार उघडला, तोच खालून निरोप आला की बाविसावा प्रकार जिन्यात बसला आहे. शेवटी प्रोजेक्टर, पोहे आणि मार्गदर्शक असं सगळं प्रशिक्षण तळमजल्याच्या व्हरांड्यात आलं. पोहे गार झाले म्हणून सरांवर अजून काही जणांचा राग आहे.

शिक्षणहक्क कायद्यावर ते बोलायला लागले की त्यांना आवरणं अवघड. 2009 चा तो कायदा 2010 च्या 1 एप्रिलपासून लागू झाला, आणि तारीख बघून आमच्यातल्या पुष्कळांनी तो तसाच घेतला. सरांनी मात्र फारच मनावर घेतला. सहा ते चौदा वयाचं प्रत्येक मूल शाळेत, असं कायदा म्हणतो. ह्यांचं म्हणणं, शाळेत आलं म्हणजे धड्यात आलं असं नव्हे.

धड्यात आणण्याची त्यांची पद्धत म्हणजे अष्टप्रधान मंडळ. दर जूनमध्ये सातवी ब ला राज्याभिषेक व्हायच्या आत मंत्रिमंडळ मिळतं. निवडीचे निकष सरांचेच, पण ते एकदा कळले की आपण गप्प बसतो.

यंदा अमात्यपद, म्हणजे खजिना, गावाबाहेरच्या कैकाडी वस्तीवरच्या मुलाला. गावात काही हरवलं की ज्या वस्तीकडे आधी बोट जातं, तिथल्या पोराकडे सहलीच्या पैशांचा डबा. स्टाफरूममध्ये कुजबुज झाली. मीही थोडी केली. झालं असं, की त्या पोराइतका कडक अमात्य शिवकाळातही झाला नसावा. सरांनाच दहा रुपये हवे होते खडूसाठी. हा डब्यावर हात ठेवून म्हणाला, "आधी पावती आणा सर." सर पावती आणायला दुकानात गेले. परत आले तेव्हा तास संपला होता.

पंडितरावपद मोमीन गल्लीतल्या मुलीला. पंडितरावांकडे धर्मखातं, आणि वर्गात तिच्याइतके सण कुणाला पाठ नाहीत. शिरखुर्मा कुणाकडे, पुरणपोळी कुणाकडे, वर्षावासाची खीर कुणाकडे, नाताळचा केक मिशनच्या दवाखान्यात किती वाजता कापतात, सगळं तारखेनिशी. एक पालक तावातावानं आले. "सर, पंडितराव आणि मुलगी? आणि तीसुद्धा..." एवढं बोलून थांबले. सर म्हणाले, "थांबू नका. वाक्य पूर्ण करा." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला थांबू नका म्हटलं, आणि नेमके ते गृहस्थ थांबले. चहा घेऊन गेले.

न्यायाधीश एक अंध मुलगी. पदं जाहीर झाली त्या दिवशी मला वाटलं, सरांनी आता हद्द केली, थट्टा होईल पोरीची. थट्टा तिनंच केली. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायदेवतेची नवी मूर्ती बसली, डोळ्यांवरची पट्टी नाही आणि हातात तलवारीऐवजी संविधान. ती बातमी तिनं रेडिओवर ऐकलेली. उभी राहून विचारते, "सर, देवीला आता दिसायला लागलं म्हणतात. माझी नोकरी राहील का?"

सुमंत, म्हणजे परराष्ट्रखातं, ऐकू न येणाऱ्या मुलाकडे. कारण शाळेचा शिपाई, खिचडीवाल्या मावशी, बाहेरचा बर्फगोळेवाला, सगळ्यांशी एक शब्द न बोलता ज्याचं जमतं तो एकटा तोच. त्याच्यासाठी सर रात्री मोबाईलवर दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचे व्हिडिओ बघतात आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सराव करतात. त्या सरावात "संसद" करताना हात असे काही फिरतात, की आमच्या शिपायाला वाटतं चहा मागवलाय. तो आणतो. सरांना त्याचं मन मोडवत नाही. विधानसभा, विधान परिषद आणि राज्यसभा एकाच दिवशी झाली तेव्हा सरांना पित्त झालं.

सुमंताचा एक किस्सा सरांच्या विरुद्ध जातो, म्हणून आवर्जून सांगतो. काही दिवस सरांनी ध्यास घेतला, की इतिहासात ऐकू न येणारे लोक शोधायचे आणि धड्यात आणायचे. रोज एक तास त्याच्याकडे बघत बघत. वर्गही वळून वळून त्याच्याकडे बघायचा. शेवटी त्यानं वहीच्या मागच्या पानावर लिहून सरांपुढे धरलं: "मला इतिहासात घेऊ नका. क्रिकेटमध्ये घ्या." पोरं त्याला खेळात घेत नव्हती, कारण "नो बॉल" ओरडलेलं त्याला कळत नसे. सर तसेच मैदानावर गेले आणि पंचाच्या हातात लाल रुमाल दिला. नो बॉलला रुमाल. इतिहासाचा तो तास मात्र वाया गेला असं मी टिपून ठेवलं आहे.

आणि सेनापती. सेनापतीचे आईबाप ऊसतोडीला जातात. दसरा झाला की टोळी उचल घेऊन कारखान्याच्या वाटेला लागते, ती पाडव्याच्या आसपास परत. पूर्वीच्या फौजाही दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत आणि पावसाळ्याआधी माघारी येत; सरांना हे वेळापत्रक फारच पसंत पडलं. त्यामुळे बाकीच्या विषयांच्या हजेरीपटावर त्या मुलापुढे "गै" असतं, आणि ह्यांच्या तासाला नाव पुकारलं की सगळा वर्ग ओरडतो, "मोहिमेवर!" गावात हंगामी वसतिगृहाची सोय झाली तेव्हा सर त्याच्या बापाकडे दोनदा जाऊन आले. बाप म्हणाला, "सर, पोरगं राहील हो. पण म्हातारीला आन् धाकटीला कोपीवर कोण बघंल?" त्याला उत्तर सरांकडे नव्हतं. नागरिकशास्त्रातही नाही.

आता शाळा तपासणी.

आमचं गाव मराठवाड्यातलं. 15 ऑगस्टला झेंडा लागतो तसा 17 सप्टेंबरलाही लागतो, कारण 1947 साली देश स्वतंत्र झाला तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यातच होतो. सुटका झाली ती 1948 च्या सप्टेंबरात. ह्या दोन दिवसांच्या मध्ये थांबासरांनी तिसरा घुसवला आहे, 31 ऑगस्ट. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, आणि स्वतंत्र भारतानं तो डाग काढला तो 1952 च्या 31 ऑगस्टला. अमात्याच्या पणजोबांची हजेरी सोलापूरच्या सेटलमेंटात तारेच्या कुंपणाआड घेतली जायची. हे आम्हाला सरांनी सांगितलं नाही. अमात्याची आजी शाळेत येऊन बाकावर बसून सांगून गेली. सातवी ब मध्ये त्या दिवशी बुंदी वाटतात. बुंदीचा खर्च अमात्य मंजूर करतो, आणि वर्षातून तेवढ्याच एका खर्चाला तो पावती मागत नाही.

विस्तार अधिकारी साहेब आले ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. चांगला माणूस, पण घाईत. सातवी ब मध्ये शिरले आणि सोपा म्हणून प्रश्न टाकला, "भारत स्वतंत्र कधी झाला?"

पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "कुणाचा, साहेब?"

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर छताकडे बघत होते.

"कुणाचा म्हणजे? आपला!"

"आपला म्हणजे दिल्लीचा 15 ऑगस्ट 1947. आपल्या गावाचा 17 सप्टेंबर 1948. आणि ह्या अमात्याच्या घरचा 31 ऑगस्ट 1952," असं एका दमात पंडितराव बोलल्या आणि मग आदबीनं विचारलं, "साहेब, तुम्ही मूळचे कुठले?"

साहेब म्हणाले, "मी सावंतवाडीचा." वर्गाला ते पुरेसं वाटलं नाही. "आणि मामाचं गाव?" साहेब गोंधळून बोलून गेले, "पेडणे. गोव्यात."

"मग तुमच्या मामाचा 19 डिसेंबर 1961," न्यायाधीशांनी निकाल दिला. "साहेब, तुमच्या मामाला चौदा वर्षं जास्त थांबावं लागलं."

साहेब बराच वेळ मामाविषयी बोलत राहिले. पेडण्याच्या घराविषयी, सीमेवरच्या चौकीविषयी, आई माहेरी जायची तेव्हाच्या कागदपत्रांविषयी. शाळेच्या बाकीच्या वर्गांची तपासणी राहूनच गेली. माझा नववीचा वर्ग पायथागोरस पाठ करून ताटकळत बसला होता. जाताना साहेबांनी शेरेबुकात एकच ओळ लिहिली: "विद्यार्थी प्रश्न विचारतात." ही शाबासकी की ताकीद, यावर मुख्याध्यापकांनी दोन वेळा स्वतंत्र बैठक घेतली.

नागरिकशास्त्राचं प्रात्यक्षिक म्हणजे वर्गमंत्र्याची निवडणूक. खऱ्या मतदान यंत्रावर उमेदवारांच्या बटणांशेजारी ब्रेल आकडे असतात, तेव्हा आपल्याही यंत्रावर हवेत, असं सरांनी ठरवलं. बुटांचं खोकं, त्यावर शर्टाची चार बटणं, आणि प्रत्येक बटणाशेजारी साबुदाण्याचे दाणे फेविकॉलनं चिकटवून ब्रेल. काम सुबक झालं होतं. पेटी रात्रभर वर्गाच्या कपाटात राहिली. सकाळी मतदान सुरू झालं, न्यायाधीश आत गेल्या, बोटं फिरवली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "सर, पेटीत दोन एक नंबर आहेत."

सगळे धावले. डोळ्यांनी बघणाऱ्यांना तर चारही आकडे जागेवर दिसत होते, कारण शेजारी पेननंही लिहिले होते. पण ब्रेलमध्ये तीन म्हणजे वरच्या ओळीत शेजारीशेजारी दोन ठिपके, आणि एक म्हणजे त्यातला डावा एकटा. रात्री उंदरानं तीन नंबरच्या उमेदवाराचा उजवा साबुदाणा खाल्ला होता. तेवढ्या एका दाण्यानं तिसरा उमेदवार पहिला झाला. तोवर बावीस मतं पडली होती. पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराचं म्हणणं, "एकीसाठी सगळ्यांचं मतदान कशाला रद्द?" तिसऱ्या क्रमांकाचा गप्प, त्याला हे सगळं आपल्या फायद्याचं की तोट्याचं तेच कळेना. सरांनी ह्यावर वर्गाला बोलू दिलं. दोन तास. त्यातला एक माझा होता. शेवटी फेरमतदान ठरलं, या वेळी दाण्यांऐवजी मोहऱ्या लावून, कारण शिपाई म्हणाला की उंदीर मोहरी खात नाही. (खातो, हे पुढच्या वर्षी कळलं.)

मारुतीच्या पारावर एक वीरगळ आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिला गाव शेंदूर लावतं आणि पोरं क्रिकेटचा स्टंप म्हणून वापरतात. सर वर्ग घेऊन तिथे गेले आणि न्यायाधीशांना पुढे केलं. पोरीनं खालपासून हात फिरवायला सुरुवात केली. "इथं मारामारी चाललीय. हा पडलाय. ही ढाल." बोट मागे आलं. "थांबा. ही शिंगं. एक, दोन, तीन गाई आहेत." आम्ही सगळे वाकलो. शेंदराच्या थराखाली गाई होत्या, आणि आजवर एकाही डोळस माणसाला त्या दिसल्या नव्हत्या. म्हणजे हा वीर गुरं सोडवताना पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, सगळ्यात वर तो पिंडीपुढे हात जोडून बसलाय. तेवढ्यात पारावरचे एक आजोबा म्हणाले, "आमच्या भावकीतला हाय त्यो." लगेच समोरच्या ओट्यावरून दुसऱ्या भावकीचा दावा आला. तिसरे तर सातबारा आणायला घरी निघाले. न्यायाधीशांनी दगडाच्या चारी बाजू चाचपल्या आणि जाहीर केलं, "नाव कोरलेलं नाही. पुढची तारीख." सर तेवढ्यावर थांबतील तर कसले? त्यांनी विचारलं, "गाई कुणाच्या होत्या?" गाव अजून भांडतंय.

पालकसभेत पालक विचारतात, "सर, पोर्शन कधी संपायचा? दहावीला हीच पोरं चाळीस मार्कांच्या पेपरात मार खातील." प्रश्न खोटा नाही. बोर्डाचा पेपर कुणासाठी थांबत नाही, टिपा लिहा म्हणतो, सकारण स्पष्ट करा म्हणतो, आणि कारण तीन ओळींत मागतो. सरांच्या पोरांना तीन ओळी पुरत नाहीत, हा माझा दहावीच्या वर्गातला अनुभव. उलट, बाकीच्या तुकड्यांतली पोरं कारण विचारलं की पुस्तकाचं पान सांगतात. यातलं बरं कोणतं हे मला विचारू नका. मी पोर्शन संपवणाऱ्यांपैकी.

यंदा पाडव्यानंतर सेनापती परत आले. काळवंडलेले, हाताला पाचटाचे चरे. कोल्हापूरकडच्या कारखान्याला होते. सरांनी हजेरी घेतली, वर्ग सवयीनं "मोहिमेवर" ओरडला आणि त्यानं "हजर" म्हटल्यावर टाळ्या पडल्या. वार्षिक परीक्षा तोंडावर. मुख्याध्यापकांनी बजावलेलं, की आता फक्त उजळणी. सरांनी विचारलं, "तुझं काय काय राहिलं?" म्हणाला, "सर, पन्हाळा बघून आलो." बापाबरोबर ट्रकमधून जाताना वाटेत. सगळ्या वर्गानं पन्हाळा पुस्तकात वाचलेला. चढलेला हा एकटा.

मग काय, उजळणी मागं वळून 1660 ला गेली. सिद्दी जौहरचा वेढा, मार्चपासून जुलैपर्यंत. सेनापतीनं अंबरखाना पाहिला होता. किती मोठा, ते त्यानं उसाच्या हिशोबात सांगितलं, किती ट्रॉल्या मावतील ते. आणि मग सहज म्हणाला, "सर, धान्य मोप होतं. पण चार महिने त्ये दळायचं कोण?"

थांबासरांचा चेहरा मी दारातून पाहिला. माणसाला बोनस जाहीर झाल्यासारखा. पुस्तकात बाजीप्रभू आहेत, शिवा काशीद आहेत, रात्रीचा पाऊस आहे, पालखी आहे. जातं नाही. सर म्हणाले, "थांबा."

आणि थांबले. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. पोरं घरी जाऊन आज्यांना विचारून आली, की जात्यावर तासाला किती पडतं. कुणाची आजी किलो सांगते, कुणाची पायली, एकीची आजी ओव्या किती होतात ते सांगते. महाराज चार महिन्यांत पन्हाळ्यावरून सुटले. सातवी ब सुटेना. मुख्याध्यापकांनी शेवटी माझे दोन ऑफ तास काढून घेतले आणि हुकूम दिला, "तुम्ही जा. महाराजांना विशाळगडावर पोचवून या. शिस्तीत."

मी खडू घेऊन गेलो. फळ्यावर "पावनखिंड" लिहिलं. मागून आवाज आला, "सर, तुम्ही गणिताचे ना? मग आमचं एवढं सोडवून द्या." म्हटलं, पाच मिनिटांचं काम, करून टाकू आणि निघू. समजा गडावर हजार माणसं. माणशी रोज अर्धा किलो पीठ, म्हणजे पाचशे किलो. एक बाई तासाला दोन किलो दळते असं धरू. अडीचशे तास झाले. रोज पाच तास दळलं, तर पन्नास बाया. मी उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि हात झटकले.

"सर," न्यायाधीश म्हणाल्या, "भाकऱ्या थापायचं कोण, ते धरलंच नाही तुम्ही."

आणि पंडितरावांना विचारायचं होतं, की पावसात सरपण कुठलं. मी पुसलेला फळा परत भरायला घेतला, तेवढ्यात तासाची घंटा झाली. महाराज गडावरच.